साडेतीन बाय चार

जाम हे गावाचं नाव आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण "दोन दिवस जाममध्ये होतो" असं ऑफिसात म्हटलं की कोणीतरी हमखास विचारतं, "कुठल्या सिग्नलला?" नागपूरहून हैदराबादकडे निघालं की बुटीबोरी मागे पडते आणि पुढे वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो तो हा जामचा चौक. शाळेच्या नकाशात हा राष्ट्रीय महामार्ग ७ होता. २०१० साली सगळे क्रमांक बदलले, तेव्हापासून तो ४४ आहे. आमच्या घरी अजून "सेव्हन नंबर"च म्हणतात.

या चौकापासून थोडं आत मामाचं शेत आहे आणि शेतावर एक जीप आहे. जीप म्हणायचं ते आकारावरून. चासी उंच बोनेटवाल्या सीजे थ्रीबीची, लिलावात घेतलेली. बॉडी कोण्या फॅब्रिकेटरने पत्रा वाकवून बसवलेली. गिअरबॉक्स चासीबरोबर आलेला. आणि इंजिन मूळचं नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आधीच्या मालकाने पेट्रोलचं काढून डिझेल टाकलं आणि आरटीओत रीतसर नोंदवलं. पुस्तकात "इंधन: डिझेल" आहे, इंजिन नंबर आहे आणि ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराशी तो जुळतोही. फक्त इंजिन कोणतं, हे पुस्तकात नाही.

परदेशात अशा गाड्यांचे शौकीन असतात, त्यांना ते किट कार म्हणतात. आपल्याकडे तिला "जमवलेली गाडी" म्हणतात. शौकाचा संबंध कमी, गरजेचा जास्त. हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायचा, खताची पोती आणायची, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतायचं आणि फोर-व्हीलमध्ये टाकून बाहेर यायचं, असा तिचा संसार.

तर झालं असं, की इंजिन ऑइल दुधाळ व्हायला लागलं. तेलात पाणी शिरलं याची ही खूण. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. मिस्त्रींनी हेड खोललं, गॅस्केट खरंच जळालेलं होतं. आता नवं आणायचं. म्हणजे कुठल्यातरी काउंटरवर उभं राहून पहिल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: गाडी कोणती?

माझी पहिली सूचना टिपिकल शहरी होती. एवढा उपद्व्याप कशाला, दुसरं चांगलं इंजिन टाकून देऊ. मामा हसला. "टाकून देऊ म्हनते. अन् पुस्तकातला नंबर कोन बदलवते, तू?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात या कलमाचा अर्थ चांगलाच कडक लावला. नव्वदच्या दशकात जे एका अर्जावर झालं, ते आज तितकं सोपं नाही. त्यामुळे हाच ब्लॉक जगवायचा होता. ब्लॉक गेला तर जीप भंगारात आणि मामा दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या भरवशावर. म्हणून इंजिनाची ओळख पटवणं हा रविवारचा टाइमपास नव्हता.

आपल्यातल्या बहुतेकांनी हे काम वेगळ्या रूपात केलेलं असतं. जुनी सिस्टीम हातात येते, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, आणि फाइलचं नाव काहीतरी भलतंच. अशा वेळी नावावर विश्वास ठेवायचा नाही, आत काय चाललंय ते बघायचं. जीपच्या बोनेटवर काय लिहिलंय याला अर्थ नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या काळच्या भारतीय गाड्यांत, कारखान्यातून नव्या बाहेर पडलेल्या गाड्यांतसुद्धा, बोनेटवरच्या नावाला फारसा अर्थ नव्हता.

हा मुद्दा मला फार रोचक वाटतो. इंजिन बदलणं हा उद्योग गल्लीतल्या मिस्त्रींचा, असं आपण धरून चालतो. पण परमिट राजच्या काळात आपले कारखानेच हे करत होते. परकीय चलन नाही, आयातीवर बंधनं, पूर्ण गाडीचा नवा परवाना मिळवणं महाग आणि किचकट. मग एकाची बॉडी घ्यायची आणि जे इंजिन हाताशी असेल ते तिच्यात बसवायचं. १९८५ साली मद्रासच्या स्टँडर्डने 'स्टँडर्ड २०००' आणली. बॉडी ब्रिटनच्या रोव्हर एसडी-१ ची, जिच्यात तिकडे साडेतीन लिटरचं व्ही-एट मिळायचं. आपल्याकडे आत होतं चाळीसच्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या वंशातलं १९९१ सीसीचं इंजिन. गाडी देखणी होती आणि चालली नाही. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा म्हणजे व्हॉक्सहॉलची बॉडी. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि ते बिचारं त्या वजनाखाली धापा टाकायचं. पुढे इसुझूचं १८१७ सीसी आलं, तेव्हा कुठे कॉन्टेसाला कॉन्टेसा म्हणावंसं वाटू लागलं. आणि आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरने त्याच १९८५ मध्ये फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन घातलं. ती ११८ एनई. नंतर कित्येक पद्मिनीवाल्यांनी भंगारातल्या ११८ एनईचं इंजिन-गिअरबॉक्स काढून पद्मिनीत बसवलं. म्हणजे कारखान्याने केलेल्या अदलाबदलीवर गॅरेजने केलेली अदलाबदल. फोर्कचा फोर्क.

आता जीपकडे. महिंद्राने मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. (कंपनी १९४५ ची. मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. असो.) इंजिन विलीजचं, पेट्रोलचं. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर मूळ ब्रिटनमध्ये तयार झालेला. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या, पेट्रोलवर जीप चालवणं परवडेना, आणि सत्तरच्या दशकात या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि इगतपुरीला प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० इंजिनाचा कारखाना उभा राहिला. एमएम ५४० जीपमध्ये हेच होतं. तिकडे पुण्यात आकुर्डीला बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्यावर ओएम ६१६ बनवू लागली. ते ट्रॅक्समध्ये आलं, आणि मिस्त्री लोकांनी जिथे जिथे मावेल तिथे तिथे बसवलं.

म्हणजे विदर्भातल्या जमवलेल्या डिझेल जीपमध्ये साधारण तीन घराणी संभवतात: ट्रॅक्टरचं, प्यूजोचं आणि मर्सिडीजचं. तिन्ही महाराष्ट्रात बनलेली, तिन्ही परदेशातून आलेली. तीस-चाळीस वर्षं ग्रीस आणि धूळ खाल्ल्यावर बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. निदान मला तरी.

मिस्त्रींनी पहिला सुगावा मात्र हेड खोलतानाच दिला होता, माझं लक्ष नव्हतं. पाने दोन प्रकारचे असतात, एमएमचे आणि इंचाचे. जुने मिस्त्री इंचातलं माप सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. या इंजिनाचे नटबोल्ट सुतातले पाने मागत होते. "फ्रान्सचं असतं तं एमएम लागलं असतं," ते म्हणाले. एका वाक्यात दोन घराणी बाद, कारण मर्सिडीजही एमएमवालीच. माझं शिक्षण चार वर्षांचं इंजिनियरिंग, त्यांचं सातवी, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

तरी मोजून खात्री करायची होती. ती पद्धत इतकी साधी आहे की सांगितलीच पाहिजे. हेड खोललेलं असलं की सिलिंडरचा व्यास मोजायचा, अगदी वरच्या काठाला, जिथे पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत आणि झीज होत नाही. मग क्रँक फिरवून पिस्टन सगळ्यात वर आणायचा, सगळ्यात खाली न्यायचा, आणि दोन्हींतलं अंतर मोजायचं. तो स्ट्रोक. चार सिलिंडर असले की सूत्रातला चाराला चार कटतो आणि उरतं फक्त पाय गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक. (पाय म्हणजे ३.१४ वाला.) व्यास आणि स्ट्रोक सेंटिमीटरमध्ये घातले की उत्तर थेट सीसीमध्ये.

आमचं व्हर्नियर दाखवत होतं ८९ ला जरासा कमी आणि १०१.५ च्या आसपास. हे आकडे मिलिमीटरमध्ये वाचले तर विचित्र वाटतात. कुठला डिझायनर मुद्दाम ८८.९ ठरवेल? पण २५.४ ने भागून बघा. ८८.९ म्हणजे बरोब्बर साडेतीन इंच, १०१.६ म्हणजे बरोब्बर चार. सूत्रात घातलं की येतं २५२३ सीसी. महिंद्राचं एमडीआय. जुन्या बी-२७५ च्या घराण्यातल्या २३५० सीसीच्या इंजिनातही स्ट्रोक हाच, चार इंच, फक्त व्यास सव्वातीन इंच आणि एक सूत. म्हणजे व्यास एका सुताने वाढवला, स्ट्रोक तसाच ठेवला आणि २३५० चं २५२३ झालं. ब्रिटिश ट्रॅक्टरच्या ड्रॉइंग बोर्डावरचे चार इंच जामच्या शेतात व्हर्नियरवर उमटले तेव्हा मला खरंच भारी वाटलं. मामाला नाही वाटलं. "मंग गॅस्केट भेटते का नाही ते सांग," तो म्हणाला.

बाकीच्या घराण्यांचे आकडेही देतो, कोणाच्या कामी आले तर. प्यूजो एक्सडीपी ४.९०: ९० बाय ८३, म्हणजे २११२ सीसी. नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे व्यास, फ्रेंच लोकांनी निदान नाव तरी नीट ठेवलं. मर्सिडीज ओएम ६१६: ९०.९ बाय ९२.४, २३९९ सीसी. विलीजचं पेट्रोल: तीन इंच एक सूत बाय चार इंच तीन सूत, २१९९ सीसी. इथे एक गोम आहे. विलीजची दोन इंजिनं, महायुद्धातलं गो-डेव्हिल आणि नंतरचं हरिकेन, दोन्हींचं माप अगदी हेच. हॅश फंक्शनचं कोलिजन म्हणा. तिथे हेड बघावं लागतं. गो-डेव्हिलचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, हरिकेनचे इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये.

काउंटरवरचा सापळा मात्र वेगळाच निघाला. "बोलेरो २५०० चं गॅस्केट द्या" असं म्हणणं अगदी स्वाभाविक आहे, कारण पुढे एमडीआय बोलेरोतही आलं. पण बोलेरो २००० साली आली तेव्हा तिच्यात प्यूजोचं एक्सडी-३पी होतं: ९४ बाय ९०, म्हणजे २४९८ सीसी. २४९८ आणि २५२३, दोन्हींना बाजारात बिनदिक्कत "पंचवीसशे" म्हणतात. एकाच गाडीच्या नावाखाली, एकाच बोलीभाषेतल्या आकड्याखाली दोन वेगळ्या देशांतली, दोन वेगळ्या मापांची इंजिनं. ९४ च्या भोकाचं गॅस्केट ८८.९ वर ठेवलं तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून दुकानात "पंचवीसशे" हा शब्दच काढायचा नाही. म्हणायचं "डीआय, साडेतीन इंची". काउंटरमागच्या काकांनी मान डोलावली आणि न शोधता हात वर करून पाकीट काढलं. एमडीआय २५२३ हे कमांडरपासून २०१० च्या थार डीआयपर्यंत इतक्या गाड्यांत गेलं आहे, की आमच्या नशिबाला त्यातलं त्यात सगळ्यात सुलभ घराणं आलं.

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. खऱ्या अर्थाने किट कारच्या जातीची गाडी महाराष्ट्रात बनली ती अलिबागजवळ कार्लेखिंडीला: चिंकारा रोडस्टर. १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची दोन माणसांची उघडी गाडी. ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपात विकली जायची, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नव्हता. १९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. चिंकारामध्ये बसवलं होतं इसुझूचं १८१७ सीसी, तेच कॉन्टेसावालं. ८४ बाय ८२. आता कॉन्टेसा २००२ मध्ये बंद झाली, ॲम्बेसेडर २०१४ मध्ये. चिंकाराच्या मालकाला पिस्टन हवा असेल तर काउंटरवर चिंकाराचं नाव काढून उपयोग नाही. कॉन्टेसा म्हणायचं, किंवा इसुझूवाली ॲम्बेसेडर. आणि जुन्या १४८९ वाल्या ॲम्बेसेडरशी गल्लत होऊ द्यायची नाही. अलिबागच्या स्पोर्ट्सकारचा सुटा भाग बंगालमधल्या टॅक्सीच्या नावाने शोधायचा!

या १४८९ वरून एक गंमत. ॲम्बेसेडरच्या त्या बीएमसी इंजिनाचा व्यास ७३.०२५ मिमी, म्हणजे तीन इंचाला एक सूत कमी. ११८ एनईमधल्या निसान ए-१२ चा व्यास ७३ मिमी. हा योगायोग नाही, असं माझं मत आहे. पन्नासच्या दशकात निसान जपानमध्ये परवान्यावर ऑस्टिन बनवत होती, याच १४८९ सीसी इंजिनासकट. पुढे त्यांना एक लिटरचं इंजिन हवं होतं. डोनाल्ड स्टोन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने सुचवलं, की नवीन यंत्रसामग्री घेऊ नका, व्यास तोच ठेवा, स्ट्रोक कापा. ७३ बाय ५९, झालं ९८८ सीसी. ए-मालिका त्यानंतरची, १९६६ ची आणि नव्याने आखलेली, पण ७३ तिथेही टिकला. म्हणजे मुंबईची ११८ एनई आणि कलकत्त्याची ॲम्बेसेडर, आयुष्यभर एकमेकींच्या स्पर्धक, लांबच्या नात्यातल्या निघाल्या. हा स्टोन निसानकडे येण्याआधी कुठे होता? विलीजमध्ये. जीपवाल्या.

परत जामला. गॅस्केट बसलं, तेल बदललं, इंजिन एका झटक्यात लागलं. पण हेड खोललंच आहे तर क्लचही बघून घेऊ असं मिस्त्री म्हणाले, आणि तिथे जमवलेल्या गाडीचा खरा स्वभाव कळला. क्लच प्लेट ही एकटीच अशी वस्तू आहे जिला दोन मालक असतात. तिचा बाहेरचा घेर इंजिनाच्या फ्लायव्हीलला जुळावा लागतो आणि मधल्या भोकाचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला. कारखान्याच्या गाडीत हे दोन्ही एकाच पुस्तकात असतात. इथे इंजिन एमडीआय, गिअरबॉक्स विलीजचा, मधे कोणीतरी लेथवर बनवलेली अडॅप्टर प्लेट. बाजारात मिळणारी कुठलीच क्लच प्लेट दोन्हींना एकदम जुळत नाही. आधीच्या मालकाने काय केलं होतं तर एमडीआयची प्लेट घेऊन तिच्या मधला हब काढला आणि जुन्या जीपच्या प्लेटचा हब रिव्हेट करून बसवला. ते काम इतकं साफ होतं की मी फोटो काढून ठेवलेत. पुढे-मागे तेच पुन्हा करावं लागेल.

बाकी छोट्या वस्तूंचं उलट सोपं आहे. बेअरिंगला गाडी लागतच नाही, फक्त नंबर लागतो. ६२०५ म्हणजे शेवटच्या ०५ ला पाचने गुणा, आतलं भोक २५ मिमी, जगात कुठेही. ऑइल सीलवर माप छापलेलं असतं. डिझेल पंपावर मायकोची पाटी आहे, पण तिच्यावरून इंजिनाचा वंश कळत नाही, कारण तेव्हा निम्म्या देशाचे पंप मायकोचेच. पाटीवरचा नंबर मात्र पंपवाल्याला पुरतो.

हे सगळं आम्ही मामाच्या खताच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून काढलं. डाव्या रकान्यात वस्तू, उजव्यात दुकानात काय म्हणायचं ते. हेड गॅस्केट: डीआय साडेतीन इंची, पंचवीसशे म्हणू नये. प्रेशर प्लेट: कमांडर डीआय. क्लच प्लेट: वरील, हब जुन्या जीपचा, दाते मोजून घ्यावेत. वॉटर पंप: डीआय. फॅन बेल्ट: जुना सोबत न्यावा. दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत वीस-बावीस ओळी झाल्या. स्टार्टरची ओळ कोरी आहे. तो ना एमडीआयचा दिसतो ना जीपचा, त्याच्यावरची पाटी कोणीतरी घासून काढली आहे, आणि मिस्त्रींच्या मते तो ट्रॅक्टरचाही नाही. दिवाळीत खोलायचा ठरलाय.